युरियानं मक्याचा दाणा हलका पडतो? आधी खत मातीआड करा, मग बोला

माळशिरसचा मळेकरी:
काल इथं एकानं लिहिलं, "मक्याला युरिया बंद करा, नुसतं अमोनियम सल्फेट टाका, युरियानं दाणा हलका पडतो." सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणून लिहितोय. आपली रानं चुनखडीची, सामू (pH) आठच्या वर. युरिया उघडा फेकायचा, पाणी चार दिवसांनी द्यायचं, मग नत्र अमोनिया होऊन उडणारच. मागच्या खरिपात एका पट्ट्यात आम्ही ताटापासून चार बोटांवर खत टाकून मातीआड केलं, शेजारच्या पट्ट्यात गड्यानं वरूनच फोकलं. गोणी तीच. फोकलेल्यात तुरा पडताना खालची पानं टोकापासून मधल्या शिरेनं पिवळी होत आत गेली, कणसांची शेंडं दोन बोटं मोकळी राहिली. दोष युरियाचा कसा?

भीमाकाठ:
पोस्ट माझीच. युरियात 46 टक्के नत्र, बाकी काय? अमोनियम सल्फेटात नत्र साडेवीस, पण गंधक तेवीस-चोवीस टक्के. माझ्या मक्याची कोवळी पानं फिकी, पट्ट्यापट्ट्यांची होती. युरिया देऊन हिरवी झाली नाहीत, सल्फेटनं झाली. डोळ्यांनी बघितलंय.

माळशिरसचा मळेकरी:
म्हणजे तुमच्या रानात गंधक कमी होतं. ते सगळ्या जिल्ह्याला कशाला लावता? चुनखडीत उघडं टाकलं तर सल्फेटातूनही अमोनिया उडतो. शिवाय 45 किलोच्या एका युरियाच्या गोणीएवढं नत्र हवं तर सल्फेटच्या 50 किलोच्या दोन गोण्या लागतात. हिशोब करा.

बार्शीकर:
तुमी दोघं कशावर भांडायलाव? युरिया मिळतोय का आधी ते सांगा! 266 रुपये 50 पैशांच्या गोणीसाठी तीन हेलपाटे, मका गुडघ्याला आलेला. चौथ्या दिवशी दुकानदार म्हणला, टॉनिकची बाटली घ्या, तरच गोणी.

करमाळ्याची लेक:
आणि तुम्ही घेतली? मशीनवर अंगठा आपला उठतो, पक्कं बिल मागायचं आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्यायची. तुमच्यासारखे गप्प बसतात म्हणून हे लिंकिंग, गोणीसोबत दुसरा माल गळ्यात मारणं, चालतं.

बार्शीकर:
ताई, उधारी त्याच्याकडंच हाय. बी-बियाणं त्याच्याकडनंच. तक्रार केल्यावर पुढच्या हंगामाला मला दारात उभा करील का? घरी बसून शिकवू नका.

करमाळ्याची लेक:
घरी बसून नाही, सहा एकर मी स्वतः करते. मागच्या वर्षी मी तक्रार दिली, गोणी बाटलीशिवाय मिळाली. उधारीचं मात्र खरं आहे, ते माझ्यावर नव्हतं.

कृषी पदवीधर, सांगोला:
मूळ मुद्द्यावर या. नत्र वाढवलं की दाण्यातलं प्रथिन वाढतं, पण वाढतं ते मुख्यतः झीन, म्हणजे मक्याच्या दाण्यातलं साठ्याचं प्रथिन. लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही कोंबडीला लागणारी अमिनो आम्लं त्या मानानं वाढत नाहीत. कोंबडीखाद्यात सोयापेंड म्हणूनच लागते. आडतीत तर ओलावाच बघतात. शिफारस हेक्टरी 120 किलो नत्राची आहे, तीही हप्त्यांनी. आपल्याकडं निम्मे लोक सगळं एकदाच ओततात.

भीमाकाठ:
मातीआड करायचं मान्य. फोकत होतो मीच. पण गंधक सोडणार नाही. यंदा पेरणीला सल्फेट, पुढचे दोन हप्ते युरिया. शेजारच्या पट्ट्यात नुसता युरिया. दोन्हीकडं मातीआड. वजन इथंच टाकतो.

माळशिरसचा मळेकरी:
टाका. माती तपासूनच पेरा मात्र.

बार्शीकर:
ती बाटली अजून गोठ्यातल्या फळीवर हाय. आत्ता परत वाचली, नत्राचा आकडाच नाही तिच्यावर. उद्या बिल मागायला जातो.