आईच्या विसराळूपणासाठी सोलापुरात कोणाला दाखवावे?

पूर्वभागकर :
शेंगांची चटणी तेल सुटेपर्यंत कुटावी ती आईनेच. परवा मात्र ती मुसळ हातात धरून उभीच राहिली आणि ‘लसूण आधी की तिखट?’ असे तिने मला विचारले. तिच्या बांगड्या ज्वारीच्या डब्यात सापडतात आणि त्या कामाच्या मावशींनी चोरल्या असे ती ठामपणे सांगते. घरचे वयावर बोट ठेवतात. कोणत्या डॉक्टरांना दाखवावे, एवढेच कृपया सांगावे.

कडकभाकरी :
वय किती, गोळ्या कोणत्या चालू आहेत आणि हे कधीपासून आहे, हे न कळता काय सांगणार? चष्मा कुठे ठेवला हे कोणीही विसरतो. हातात मुरलेल्या कामाचा क्रम हरवणे ही निराळी गोष्ट आहे.

सातरस्ता :
माझ्या सासऱ्यांचे असेच झाले होते. बी-१२ अगदी कमी निघाले आणि इंजेक्शनांनी ते पूर्ववत झाले. घर शाकाहारी असेल तर दुसरे काही शोधत बसू नका.

कडकभाकरी :
बी-१२ आणि थायरॉइड तपासावेच, पण सासऱ्यांचे निदान दुसऱ्याच्या आईला चिकटवू नये.

जुना_सोलापूरकर :
मृत्युपत्र आधी नोंदवून घ्यावे. पुढे सहीवरून भावाभावांत वाद होतात, हे मी स्वतः भोगले आहे.

पूर्वभागकर :
मृत्युपत्राविषयी मी विचारलेले नाही. वय 71, रक्तदाबाची आणि झोपेची गोळी चालू आहे. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत ती ठणठणीत होती. हे सारे गेल्या महिन्याभरातले आहे. यात्रेच्या सुमारास ती न्हाणीत घसरून डोक्यावर आपटली होती, पण टाके पडले नाहीत म्हणून लिहिले नाही.

कडकभाकरी :
हेच पहिल्या ओळीत यायला हवे होते! अल्झायमर सहसा वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. उतारवयात मात्र साध्या मारानेही मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचत जाते आणि काही आठवड्यांनी माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो. सीटी स्कॅनमध्ये ते बहुधा दिसते, आणि साचलेले रक्त वेळेत काढल्यास सुधारणाही होऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का?

सातरस्ता :
तरीही बी-१२ करून घ्यावे.

पूर्वभागकर :
आहे, हृदयासाठी गेल्या वर्षीपासून. ती रोजचीच म्हणून मोजली नाही. आज सकाळपासून डोके दुखते असेही ती म्हणते आहे.

कडकभाकरी :
मग वेळ ठरवून दाखवण्याच्या भानगडीत पडू नका. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आत्ताच न्या आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत घ्या.

पूर्वभागकर :
रिक्षा बोलावली आहे.