लघुकथा किती लघु? आणि निवेदक कोण?

रावेरकर : एका स्पर्धेसाठी 'लघुकथा' मागवल्या होत्या. मी बारा ओळींची पाठवली. एका केळी व्यापाऱ्याच्या तोंडून, 'मी'मध्ये. परीक्षक म्हणाले, हा किस्सा झाला, लघुकथा नव्हे. वर शेजारचे दादा विचारतात, केळीच्या धंद्यात कधी पडलास? नक्की चुकलं कुठे?

तापीकाठ : आजोळ बऱ्हाणपूरकडचं का हो? हिंदीत आपल्या कथेला 'कहानी' म्हणतात आणि 'लघुकथा' म्हणजे अर्ध्या-एक पानात आटोपणारी. मराठीत 'लघुकथा' हा शब्द कादंबरीच्या तुलनेत लघु अशा अर्थाने आला. फडके-खांडेकरांच्या काळी तो रुळला, तेव्हा ती दहा-पंधरा पानांचीही असे. पुढे 1945 च्या सुमारास नवकथा आली आणि हळूहळू 'लघु' गळून नुसती 'कथा' उरली. तुमच्या बारा ओळींना हल्ली 'अलक' म्हणतात, अति लघु कथा. शब्द मला फारसा आवडत नाही, पण चालतो.

अमळनेरी : आमच्या अहिराणीत सगळ्याला एकच, गोट! लांब असो की आखूड.

रावेरकर : आणि दादांचं काय?

तापीकाठ : दादांनी लेखक आणि निवेदक एकच धरले. आपल्याकडे निवेदक म्हटलं की गणेशोत्सवात माइक धरणारा आठवतो, तो घोळ वेगळा. कथेतला निवेदक म्हणजे गोष्ट ज्याच्या तोंडून येते तो. तो लेखकाने घडवलेला असतो, खोटंही बोलू शकतो. समजा तुमचा व्यापारी म्हणाला, "मी भाव चोखच दिला, फक्त वजनात थोडी घट धरली." तो स्वतःला सज्जन समजतो, वाचकाला मात्र शेतकरी नाडला गेल्याचं कळतं. कथा या फटीत असते.

अमळनेरी : मग कथानक काय? पोरं परीक्षेत सारांशच लिहून येतात.

तापीकाठ : घटनांची गुंफण. काय घडलं, कशामुळे घडलं आणि कोणत्या क्रमाने सांगितलं. शेवटची घटना आधी सांगितली तरी कथानकच. ज्यातून गोष्ट सुचली ते कथाबीज.

रावेरकर : बीज खरं आहे, काकांच्या बागेतलं. तो 'घट'वाला व्यापारी दादांचा साडू आहे. त्यांना निवेदकाचं तेवढं समजावून सांगतो, बीजाचं नाही.