अनुभव धागा: सोबत आलेली फाईल

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लग्नपत्रिका आली. फाईलच्या नावाचं शेपूट '.एपीके'! पत्रिका म्हणजे पीडीएफ नाहीतर फोटो. एपीके म्हणजे अख्खं अ‍ॅप. एकदा बसलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं, मग ओटीपी परस्पर चोराकडे. सेक्रेटरींनी ती काढेपर्यंत दोघांच्या 'हार्दिक शुभेच्छा' टाकूनही झाल्या होत्या. मेल असो की व्हॉट्सअ‍ॅप, तुमच्याकडे काय आलंय ते लिहा.

निवृत्त हेडक्लार्क
मे २०००. ऑफिसात सगळ्यांना साहेबांच्या नावाने 'आय लव्ह यू'! सोबतची फाईल 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस'. विंडोज शेवटचं '.व्हीबीएस' (म्हणजे उघडताच चालणारा प्रोग्राम) दाखवत नसे, त्यामुळे साधा मजकूर वाटायचा. उघडली की आउटलुकमधल्या झाडून सगळ्या पत्त्यांवर प्रती रवाना. हे व्हायरसचं पिल्लू सुटलं होतं फिलिपिन्समधून. नव्या कॉम्प्युटरवर मी अजूनही आधी एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन एक्स्टेन्शन, म्हणजे फाईलच्या नावांची शेपटं, दिसतील असं करतो.

सीए ऑफिस, सोलापूर
रिटर्नची तारीख जवळ आली की 'तुमच्या रिटर्नमध्ये तफावत' असे मेल सुरू. सोबत झिप, आणि तिचा पासवर्ड मेलमध्येच. कुलूप असलं की मेलच्या स्कॅनरला आत डोकावता येत नाही, म्हणून ही युक्ती. गोची अशी की बँकेची खरी स्टेटमेंटंही कुलूपबंदच येतात. पण बँक सहसा पासवर्ड लिहून देत नाही. जन्मतारीख वगैरे घालून कसा बनवायचा तेवढं सांगते. आयकराची नोटीस खरी असेल तर पोर्टलवर लॉगिन केल्यावर दिसते, मग ती फाईल उघडायचीच कशाला? तरी दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "अहो, तेवढी उघडून बघा ना, तुमच्याकडे अँटिव्हायरस आहे."

अकाउंट्सवाली
एक्सेलमधलं 'एनेबल कंटेंट' (फाईलमधले मॅक्रो, म्हणजे छोटे प्रोग्राम, चालू करणारं बटण) आमच्याकडे कुणी दाबत नाही. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टच नेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो अडवतं, ते बरं झालं.

हार्डवेअरचं दुकान
नेहमीच्या व्यापाऱ्याकडून बिलाचा मेल. माल तर मागवलाच नव्हता. फोन लावला.
"काका, बिल पाठवलंत?"
"नाही रे, सकाळपासून सगळ्यांचे हेच फोन येतायत."
"आधी मेलचा पासवर्ड बदला."
"तो पोराला माहीत. पोरगं कॉलेजात."