घरच्या बिअरचं भांडं: लातूरहून पातेलं न्यावं की तिकडेच नळाची टाकी घ्यावी?

उदगीरकर (धागाकर्ता):

मी मूळ उदगीरचा, नोकरीनिमित्त मेलबर्नला असतो, सध्या सुट्टीत गावी आलोय. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियात स्वतःच्या घरापुरती बनवायला परवाना लागत नाही, विकता मात्र येत नाही. तेव्हा बनवण्याची चर्चा तिकडची. इकडून न्यायचं ते फक्त भांडं.

तिकडे आमच्या ओळखीतली दोन-तीन मराठी मंडळी हा छंद सुरू करतायत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो की उकळायला भांडं कोणतं घेऊ. दुकानात गेलं की चकचकीत टाकी समोर ठेवतात. तिला नळ, डायल थर्मामीटर, आत जाळी, लिटरच्या खुणा. खिशातले पैसे त्यातच संपतात आणि हाती येते 20-25 लिटरची टाकी. माझं ठाम मत आहे की पहिल्या भांड्यात पैसे आकारमानाला द्यावेत, जोडकामाला देऊ नयेत.

हिशोब करून बघा. आंबवायच्या ड्रममध्ये 23 लिटर रस, म्हणजे माल्ट भिजवून काढलेलं गोड पाणी, हवा. तासाभराच्या उकळीत चारेक लिटर वाफ होऊन जातात. तळाच्या गाळात दोन लिटर राहतात. पाच किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, साडेतीन लिटर पाणी पिऊन बसतं. म्हणजे सुरुवातीलाच साडेबत्तीस लिटर पाणी लागलं. तिकडे बरेच जण दळलेलं माल्ट कापडी पिशवीत घालून एकाच भांड्यात भिजवतात आणि पिशवी काढून त्यातच उकळतात. तसं करायचं तर भिजलेलं माल्ट आणखी तीन-साडेतीन लिटरची जागा खातं. झाले 36. वर चार बोटं मोकळी नकोत का? 40 लिटरच्या खाली जाऊच नये.

आणि 40 लिटरचं साधं पातेलं लातूरला भांड्यांच्या कोणत्याही मोठ्या दुकानात वजनावर मिळतं. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, भगोणं तर आणखी स्वस्त. 38 सेंटिमीटर रुंद आणि 36 उंच असं भांडं साधारण 40 लिटरचं होतं. तिन्ही मापांची बेरीज 112 सेंटिमीटर, आणि बहुतेक विमान कंपन्यांची मर्यादा 158 ची आहे. आत कपडे भरा, खोक्यात बसवा, न्या. नळ नसला तरी अडत नाही.

भूमचा खवेवाला:

भाऊ, मी बिअर केली नाही आणि करणार पण नाही. पण भांडं आणि जाळ यावर दोन शब्द बोलायचा हक्क आमच्या भट्टीवाल्यांना आहे. तुम्ही भगोणं आणि उभं पातेलं एकाच दमात म्हणायलात, तिथंच माझा विरोध आहे. आमची कढई पसरट का असते? दुधातलं पाणी लवकर उडावं म्हणून. तोंड जितकं मोठं तितकी वाफ जास्त. आम्हाला पाणी उडवायचं आहे, तुम्हाला ते ठेवायचं आहे. मग पसरट भगोणं घेऊन तुम्ही करणार काय? तासाला चार लिटरचा तुमचा हिशोब भगोण्यात टिकणार नाही, आणि एवढ्या तोंडाचं भांडं खळखळ उकळत ठेवायला जाळही जास्त लागंल. उभंच घ्या.

दुसरं, बूड. आचाऱ्यांच्या काही पातेल्यांचं बूड पत्र्यासारखं असतं. गोड रस त्यात धरणारच. आम्ही तरी उलथनं हलवत असतो, तुम्ही तासभर कुठं हलवत बसणार? दुकानात भांडं उपडं करून बुडावर अंगठा दाबून बघा. दबलं तर तिथंच ठेवून या.

वाळूजवाला:

खवेवाल्या दादांशी शंभर टक्के सहमत. मी वाळूजच्या एका बिअर कारखान्यात उकळणीच्या विभागात बरीच वर्षं काम केलंय. आमच्या उकळायच्या टाकीला, म्हणजे किटलीला, वाफेचं आवरण असायचं, थेट जाळ कधीच नाही. माल्टचा पातळ रस सहसा बुडाला लागत नाही, पण डब्यातला घट्ट अर्क ओतला की तो मधासारखा तळाला बसतो आणि जळतो. तो वास मग शेवटच्या ग्लासापर्यंत सुटत नाही. अर्क घालताना गॅस बंद करून ढवळायचं, एवढं नव्या माणसाला नक्की सांगा.

पण उदगीरकर, तुमच्या मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे. तुम्ही भांड्याची किंमत धरलीत, चुलीची नाही. 33 लिटर पाणी 20 अंशांवरून 100 वर न्यायला तीन युनिटच्या वर ऊर्जा लागते, वाया जाणारी वेगळी. घरातल्या शेगडीवर हे भांडं दोन-दोन तास कोमटच राहील. अंगणात मोठा बर्नर, सिलिंडर, स्टँड हे सगळं घ्यावं लागणार. त्यापेक्षा तिकडची 40 लिटरची विजेची टाकी, बुडाशी 2400 वॅटचा तापवणारा घटक असलेली, साध्या घरगुती सॉकेटवर चालते. सव्वा-दीड तासात उकळी येते आणि नळही असतो. सगळं मिळून तीच स्वस्त पडेल असं माझं म्हणणं आहे. लातूरहून नेलेलं पातेलं स्वस्त दिसतं, पण ते अर्धंच सामान आहे.

उदगीरकर:

वाळूजवाले, चुलीचा मुद्दा वजनदार आहे, पण तो सगळ्यांना लागू नाही. तिकडे मागच्या अंगणात बार्बेक्यूचा सिलिंडर बहुतेक घरी असतोच. तीन कड्यांचा साधा बर्नर त्याला जोडला की झालं. आणि विजेच्या टाकीतला तो घटक गेला तर? पातेल्याला बिघडायला काही नसतंच. पुढे छंद सोडला तर गणपतीला पन्नास माणसांची खिचडी त्यात होते. विजेच्या टाकीत खिचडी करून दाखवा.

उभ्या पातेल्याचं मात्र पक्कं. यापुढे भगोणं कोणाला सुचवणार नाही.

गंगाखेडची:

धातुशास्त्र शिकवते, म्हणून लिहिते. जर्मनच्या भांड्याबद्दल दोन्हीकडून भीती आणि भलामण फार होते. ॲल्युमिनियम 304 ग्रेडच्या स्टीलच्या जवळपास पंधरा पट उष्णता वाहून नेतं, म्हणून जाळ सगळीकडे पसरतो आणि बूड जागोजागी करपत नाही. वजनही तेवढ्याच जाडीच्या स्टीलच्या एक तृतीयांश. रसाचा सामू साधारण 5.2 ते 5.5 असतो, तेवढ्याने त्यावरचा ऑक्साइडचा थर निघत नाही. नवं भांडं आधी अर्धा तास नुसतं पाणी घालून उकळायचं, आतून काळसर-करडं होतं, आणि ते तसंच राहू द्यायचं. अल्झायमरशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही.

तरीही मी स्टीलच घ्या म्हणेन, आणि कारण आरोग्य नाही, घासणं आहे. आपल्याकडे जर्मनचं भांडं राखेने-काथ्याने लख्ख घासायची सवय आहे. तो थर गेला की सगळं पहिल्यापासून. शिवाय बिअरवाले वापरतात ती सोडायुक्त साफसफाईची पावडर ॲल्युमिनियमला खाते. जे भांडं दर वेळी जपून धुवावं लागतं, ते घरात दुसरा कोणी धुतो त्या दिवशी बिघडतं.

आता स्टील घेताना काय बघायचं. दुकानदार चुंबक लावून दाखवेल, चिकटत नाही म्हणजे अस्सल. यावर विश्वास ठेवू नका. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 किंवा जे-फोर मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही. आपल्या बाजारातली बरीचशी भांडी याच जातीची आहेत. ती वाईट नाहीत, तासाभराच्या उकळीला पुरतात. पण मीठ-पाणी साचलं तर लवकर डाग धरतात, आणि 304 च्या भावाने 202 घेणं हा सरळ तोटा आहे. बिलावर ग्रेड लिहून मागा. लिहून देत नसेल तर 202 चाच भाव द्या.

परभणीचा पाहुणा:

एवढा खल कामून? आमच्या वाड्यात तांब्याचा जुना बंब पडलाय, 40 लिटरच्या वर पाणी बसतं. जुन्या युरोपात तांब्याच्याच किटल्या होत्या ना?

वाळूजवाला:

होत्या, आणि तांब्यामुळे रसातले गंधकाचे नकोसे वास कमी होतात हेही खरं. पण बंबाच्या मधोमध जाळाची नळी असते, तिथे रस करपला तर हात घालून घासता येत नाही. जुन्या डागकामात शिसं असू शकतं. बंब अंघोळीच्या पाण्यालाच राहू द्या.

मांजराकाठ:

मी लातूरचा. धाग्यात सगळे उकळण्यावर बोलायलात, गार करण्यावर कोणीच नाही. आणि नळ हवा की नको हे माझ्या मते तिथेच ठरतं.

23 लिटर उकळता रस यीस्ट घालण्याजोगा, म्हणजे 20 अंशांच्या आसपास आणायला लोक तांब्याच्या नळीचं वेटोळं आत बुडवून त्यातून नळाचं पाणी सोडतात. बिअर जेवढी त्याच्या कितीतरी पट पाणी गटारात जातं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांनी पाणी आलेलं ज्या शहराने पाहिलं, त्या शहरातल्या माणसाला हे वाचवत नाही. त्याच उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठाने वाळूजसारख्या ठिकाणच्या बिअर-दारू कारखान्यांचं पाणी कमी करायचा आदेश दिला होता. मेलबर्नला पाणी आहे म्हणून काय झालं? तिकडेही 1997 ते 2009 मोठा दुष्काळ होताच. गार न करण्याची रीत तिकडच्या हौशी लोकांत रुजली, त्यात पाणी वाचवणं हे एक मोठं कारण आहे.

रीत अशी. उकळी संपली की गरम रस सरळ जाड प्लॅस्टिकच्या, एचडीपीईच्या चौकोनी कॅनमध्ये भरायचा, दाबून हवा काढायची, बूच घट्ट लावून आडवा करायचा, म्हणजे गरम रस बुचापर्यंत पोहोचून तिथलेही जंतू मरतात. रात्रभरात आपोआप गार. एक थेंब पाणी लागत नाही. पण त्यासाठी रस तळातून, नळाने, सिलिकॉनच्या नळीतूनच काढावा लागतो. आता सांगा उदगीरकर, बिननळाच्या पातेल्यातून 95 अंशांचा रस कॅनच्या बारक्या तोंडात कसा ओतणार? दोन माणसांनी उचलून? पंचवीस-तीस किलो उकळतं वजन आहे ते.

भूमचा खवेवाला:

उचलायचं नावच काढू नका. उकळत्या दुधाची कढई कलताना हात भाजलेली माणसं मी बघितलीत. रस गोड आहे, अंगाला चिकटतो, पाण्यापेक्षा वाईट भाजतो. मी आधी पातेल्याच्या बाजूने होतो, पण मांजराकाठवाल्यांचं वाचून नळ पाहिजेच असं म्हणतो.

उदगीरकर:

मांजराकाठ, पाण्याचा मुद्दा मनापासून पटतो, मी स्वतः तिकडे ती रीत वापरतो. पण त्यावरून तयार टाकीच घ्या हे निघत नाही. साध्या पातेल्याला नळ नंतर बसवता येतो. अर्ध्या इंची नळ, दोन्हीकडून नट आणि सिलिकॉनचे वॉशर, वेल्डिंगची गरज नाही. भोक पाडायला पायऱ्यांचा ड्रिल-बिट आणि थोडं तेल पुरतं. आकारमान मात्र नंतर वाढवता येत नाही. म्हणून क्रम माझा तोच आहे: आधी 40 लिटर, मग नळ. फक्त नळ बसेपर्यंत ही रीत वापरू नये. तोवर पातेलं आहे तिथेच, झाकून, टबातल्या पाण्यात बसवून गार होऊ द्यावं, आणि टबातलं पाणी झाडांना घालावं.

मांजराकाठ:

नंतर बसवू म्हटलेला नळ किती घरांत बसतो? नव्या माणसाला पहिल्याच खेपेला सुरक्षित भांडं द्या. दोनशे लिटर पाणी नाल्यात सोडून शिकलेली सवय पुढे सुटत नाही.

वाळूजवाला:

या रीतीत दोन खबरदाऱ्या. एक, रस तासन्‌तास गरम राहतो, त्यामुळे शेवटी घातलेल्या हॉप्सचाही, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचाही, कडूपणा उतरत राहतो. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांचे हॉप्स कमी करा किंवा कॅनमध्येच घाला. दुसरी जास्त महत्त्वाची. न आंबलेला रस फारसा आंबट नसतो, बंद डब्यात दिवसेंदिवस ठेवला तर बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या घातक विषबाधेचा, धोका आहे. दुसऱ्या दिवशी यीस्ट घालायचंच.

गंगाखेडची:

उदगीरकर लातूरहूनच भोक पाडून नेणार असतील तर एक सांगते. भोक बुडापासून निदान अडीच-तीन सेंटिमीटर वर आणि भिंतीच्या सपाट भागात घ्या, बुडाच्या गोलाईत घेतलंत तर वॉशर बसत नाही आणि आयुष्यभर गळतं. ड्रिल सावकाश फिरवा, बिट न कापता नुसता घासत राहिला की स्टील कडक होतं आणि बिट जातो. कडा कानशीने घासून घ्या. आणि नळ पितळी नको, स्टीलचा, पूर्ण खोलता येणारा घ्या. उकळीच्या भांड्यात रिव्हेटच्या खाचेत घाण राहिली तरी तासाची उकळी ती मारते, पण नळाच्या आत उकळी पोहोचत नाही. तो दर वेळी सुटा करून धुवावा लागतो.

मांजराकाठ:

लातूरला येणार असाल तर भांडं घ्यायला सोबत मीही येतो. बूड आपण दोघं मिळून बघू. नळाचं मात्र मी त्याच दिवशी बसवायला लावणार.