१९६९ची फियाट ११००, खालचा पत्रा गेलाय : हात घालावा की नको?

अकोटेकर_६९

मंडळी, गाडी १९६९ची फियाट ११०० डिलाइट. बडोद्यात अकोट्याला शेडखाली बरीच वर्षं उभी आहे आणि ऑगस्ट २०२४च्या विश्वामित्रीच्या पुरात दरवाज्यांच्या खालच्या कडेपर्यंत पाण्यात होती. मूळ आरसी बुक आहे, चेसिस आणि इंजिन दोन्ही नंबर बुकाशी जुळतात.

पत्र्याची अवस्था अशी : ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढं भोक. डाव्या सिलवर (दरवाज्यांखालची लांब पोकळ पेटी) ठोकलं तर खालच्या चार इंचांत आवाज बद्द येतो. डिकीत स्टेपनीखालचा पत्रा पापुद्रे सुटून गेलाय. पुढच्या दोन्ही मडगार्डांच्या खालच्या मागच्या कोपऱ्यांत पुट्टी आहे, चुंबक धरत नाही. डावीकडचा मागचा दरवाजा उचलून लावावा लागतो. छप्पर, बॉनेट आणि खिडक्यांभोवतीचा पत्रा मात्र चांगला आहे. ग्रिल, दोन्ही बंपर, सगळ्या काचा जागेवर. एक टेललाइट आणि उजव्या बाजूची क्रोमपट्टी नाही. इंजिन फिरत नाही.

एक गॅरेजवाला म्हणतो, पट्ट्या मारून खालून डांबर कोटिंग करतो, दहा दिवसांत घेऊन जा. दुसरा म्हणतो, चांगल्या प्रीमियर पद्मिनीची (हीच गाडी पुढे या नावाने निघायची) बॉडी आणून सगळं तिच्यावर चढवू. दोन्ही पटत नाही. पैसे ओतण्याआधी ही गाडी करण्याजोगी आहे की नाही, हे नक्की कशावरून ठरवायचं?

पत्राकाम

दोन्ही पटत नाही हे योग्यच आहे. भोकं किती आणि केवढी यावरून काही ठरत नाही. पायाखालचा फ्लोअर आणि स्टेपनीचा खड्डा दिसायला सगळ्यात भयानक असतात, पण करायला सोपे. सपाट पत्रा आहे, कापायचा आणि नवा घालायचा. या गाडीला वेगळी चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) नाही, सिल, फ्लोअर आणि त्याखालचे बॉक्स हेच तिचं हाडपेर. तेव्हा पाहायचं ते एवढंच की भार जिथे उतरतो तिथला पत्रा उभा आहे का. तुमच्या वर्णनात मला खटकतो तो उचलून लावावा लागणारा दरवाजा.

आधी बिजागरीची पिन झिजली आहे का ते बघा. दरवाजा अर्धा उघडून कडेला धरून वर-खाली हलवा. बिजागरीत खडखड जाणवली तर पिन आणि बुश, किरकोळ काम. खडखड नसेल तर बॉडी बसली असण्याची शक्यता धरा आणि पुढची चाचणी करा.

गाडी सपाट फरशीवर, टायरमध्ये हवा सारखी. चारही दरवाज्यांच्या वरच्या कोपऱ्यांतली फट फीलर गेजने किंवा ड्रिलच्या बिटाच्या मागच्या टोकाने मोजून लिहून ठेवा. मग दोन दरवाज्यांमधल्या खांबाजवळ सिलखाली दोन फुटांची जाड फळी ठेवून जॅक लावा, चाकावरचा भार हलका होईल इतकंच उचला. चाक जमिनीवरून सुटू द्यायचं नाही. पुन्हा फट मोजा. एखाद मिलिमीटर बदलली तर काळजी नाही. तीन-चार मिलिमीटर बदलली तर ते सिल भार घेत नाहीये. फळीच आत रुतायला लागली तर तिथेच थांबा, उत्तर मिळालं.

नंतर खालून तिरपी मापं. पुढच्या खालच्या विशबोनचा (पुढचं चाक धरणारा त्रिकोणी हात) मागचा बोल्ट ते विरुद्ध बाजूच्या मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या डोळ्याचा बोल्ट, दोन्हीकडून. ओळंबा सोडून फरशीवर खडूने खूण करा आणि खुणांमधलं अंतर टेपने घ्या, गाडीखाली टेप ताणून माप बरोबर येत नाही. फरक पाच-सहा मिलिमीटरच्या आत असेल तर आकार शाबूत समजा. त्याहून बराच जास्त निघाला तर गाडी कधीतरी ठोकलेली आहे किंवा मुरडली आहे. मग गोष्ट गंजापुरती राहत नाही.

टोचून पाहायच्या जागा : मागच्या पाट्यांचे पुढचे आणि मागचे हँगर (पाटे बॉडीला टांगतात त्या जागा), पुढचं क्रॉसमेंबर (आडवी तुळई) बॉडीला जिथे बसतं तो भाग, मधल्या खांबाचं बूड, पुढच्या काचेचे खालचे दोन कोपरे आणि बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा. सहा मिलिमीटरचा चपटा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि मनगटाच्या जोराने दाबा, हातोडी नको. चांगला पत्रा टोकाला दाद देत नाही. सडलेला आधी करकरतो, मग आत जातो आणि तपकिरी भुगा गळतो. वरून रंग शाबूत दिसला तरी टोचा. दोन पत्र्यांच्या शिवणीत गंज धरला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि शिवण फुगवून स्पॉट वेल्ड उपटतो. शिवण लाटेसारखी वर-खाली झाली असेल तर आत काय आहे ते वेगळं सांगायला नको.

हे करण्याआधी सीटा, कार्पेट आणि फ्लोअरवरचा डांबरी नमदा काढा. नमद्याखाली ओल वर्षानुवर्षं राहते. हीटगन आणि खरवडणीने निघतो.

गाळ_उपसा

पुराबद्दल. पाणी ओसरलं तरी गाळ सिलच्या पेटीत बसून राहतो आणि प्रत्येक पावसाळ्यात पुन्हा ओला होतो. सिलच्या आणि दरवाज्यांच्या खालच्या कडेची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा. आतून माती पडली तर आधी ती धुऊन काढा, आठ-दहा दिवस उन्हात सुकू द्या आणि मगच वरच्या चाचण्या करा. मातीने भरलेलं सिल ठोकल्यावर बद्दच वाजतं, त्यामुळे चांगल्या पत्र्यालाही तुम्ही सडका ठरवाल.

डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग अगदी सावकाश सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत असेल तर आधी पाणीच येईल आणि मग तेल. सगळं मिळून दुधाळ आलं तर त्या पाण्यात गिअर फिरले आहेत. नुसतं पाणी आणि मग स्वच्छ तेल असेल तर बेअरिंग तपासून नवं ९० नंबरचं गिअर तेल भरता येतं. पाण्याच्या रेषेखालचे हब, ब्रेकचे ड्रम आणि व्हील सिलिंडर मात्र सरसकट उघडायचे.

इंजिनाला स्टार्टर लावू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) निम्मं-निम्मं, तीस-चाळीस मिलि ओता. आठवडाभर मुरू द्या, मग चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी पुढे-मागे हलक्या हाताने ढकला. नाहीच सुटलं तर हेड उघडा, जबरदस्ती नको. १०८९ सीसीचं हे इंजिन, बोअर ६८ आणि स्ट्रोक ७५ मिमी. पद्मिनीच्या टॅक्सी मुंबईत ऑक्टोबर २०२३पर्यंत धावत होत्या, त्यामुळे पिस्टन, रिंगा, गॅस्केटची चणचण नाही. इंजिन जाम आहे म्हणून ही गाडी सोडू नका. ते तुमच्या निर्णयात शेवटी येतं.

फाईल_नंबर

बॉडी बदलण्याचा सल्ला विसरून जा. या गाडीत चेसिस नंबर बॉडीवरच असतो. तो पत्रा कापून दुसऱ्या बॉडीवर चढवणं हा सरळ गुन्हा आहे आणि त्या क्षणी १९६९ची गाडी तुमच्याकडे उरतच नाही.

गाडी कशासाठी हवी ते आधी ठरवा. जुलै २०२१मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली, चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल नसलेली गाडी त्यात बसते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. सुभानपुऱ्याहून रावपुऱ्यात भाजीला न्यायची असेल तर साधं आरसी नूतनीकरण, फॉर्म २५, गाडी प्रत्यक्ष दाखवून पाच-पाच वर्षांसाठी. दिल्ली-एनसीआरची वयोमर्यादा आपल्याकडे लागू नाही, पण तपासणीत ब्रेक आणि खालचा पत्रा पाहतात. जुन्या बुकाची नोंद ऑनलाइन चढली आहे का ते आरटीओत आत्ताच विचारा. नसेल तर त्या कामाला वेळ लागतो आणि कागद अडले तर सगळा पत्रा फुकट.

काम सुरू होण्यापूर्वीचे, पत्रा उघडल्यावरचे आणि नवा बसवल्यावरचे फोटो तारखेसह ठेवा. त्याच जागी त्याच आकाराचा पत्रा घातला आहे हे दाखवायला तेच उपयोगी पडतील. लक्ष्मी विलास पॅलेसवर जानेवारी २०२३मध्ये जुन्या गाड्यांचं जे कॉनकोर्स (स्पर्धा-प्रदर्शन) भरलं तसल्या ठिकाणी गाडी न्यायची इच्छा असेल तर हरवलेला टेललाइट आणि क्रोमपट्टी आजपासून शोधायला घ्या. ११००ची आणि नंतरच्या पद्मिनीची ट्रिम सारखी नाही. कुर्ला आणि चोर बाजार इथे फिरावं लागेल. पत्रा कोणताही चांगला डेंटर घडवून देतो, क्रोमपट्टी घडवत नाही.

मकरपुरा_पत्रे

नवा पत्रा घालायचाच तर जीपी (जस्त चढवलेला) घाला, म्हणजे पुन्हा गंजाचं नाव नको.

पत्राकाम

जीपीला या कामात विरोध आहे. वेल्ड लागते तिथला जस्ताचा थर आधी घासून काढावाच लागतो, नाहीतर वेल्ड भोकाळते आणि धूर छातीत जातो. म्हणजे जिथे गंज सगळ्यात आधी धरतो त्या सांध्यालाच जस्त उरत नाही. सीआरसी (बिनजस्ताचा कोल्ड रोल्ड) पत्रा घ्या आणि इपॉक्सी प्रायमर नीट मारा.

अकोटेकर_६९

सगळ्यांचे आभार. गाळ काढून, सुकवून मापं घेतली. बिजागरीत खडखड नाही. जॅकवर उजवीकडची फट हलली नाही, डावीकडची मागच्या दरवाज्याची ५वरून ९ मिमी झाली. तिरप्या मापांत ४ मिमीचा फरक. डाव्या पाट्याच्या पुढच्या हँगरला स्क्रूड्रायव्हर आत गेला. बाकी तिन्ही हँगर, क्रॉसमेंबर आणि काचेचे कोपरे ठणठणीत. डिफरन्शियलमधून अर्धा कप पाणी आणि मग स्वच्छ तेल. नोंद ऑनलाइन आहे.

पत्राकाम

मग करा. आकार शाबूत आहे, गंज एका बाजूला आहे आणि ट्रिम जवळपास पूर्ण. तीन हँगर गेले असते किंवा क्रॉसमेंबरची जागा टोचली गेली असती तर मी पार्टसाठी विका म्हटलं असतं.

पण पूर्ण गाडीचा ठोक भाव आत्ता ठरवू नका. आधी फक्त डावं सिल उघडण्याचं काम द्या. बाहेरचा पत्रा काढल्यावर आतलं सिल आणि मधल्या खांबाचं बूड दिसेल. आतलं सिल खालून तीन-चार इंच गेलं असेल तर ते अपेक्षितच आहे. खांबाचं बूड चारही अंगांनी सुटलं असेल तर मात्र तिथे थांबून पुन्हा विचार करायचा, कारण खांब उभा करायला जिग (बॉडी मापात धरून ठेवणारा सांगाडा) लागते आणि ती रस्त्यावरच्या गॅरेजात नसते. तोवर गेलेला खर्च थोडाच असेल.

कापण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून गाडीपासून लांब ठेवा. सिल कापायच्या आत डाव्या दोन्ही दरवाज्यांच्या चौकटीत २५ मिमीचा चौकोनी पाइप आडवा आणि तिरपा टाकून टॅक करा (वेल्डचे छोटे ठिपके). त्याआधी जॅकने डावीकडची फट उजवीकडच्या त्याच फटीएवढी आणलेली हवी. हे न करता सिल कापलं की बॉडी आहे त्या अवस्थेत गोठते आणि नवं सिल वाकड्या मापाचं बसतं. मग दरवाजे कधीच लागत नाहीत. आधार क्रॉसमेंबरला आणि मागच्या अॅक्सलला द्या, सिलला नाही.

पत्रा : फ्लोअर आणि डिकीला २० गेज, सिलला १८, हँगरच्या पेटीला १६. २० गेजचा आठ बाय चार फुटी पत्रा साधारण २१ किलो भरतो, फ्लोअर आणि डिकीला एक पुरेल. वेल्डिंग सीओटू (विजेवरचं, तारेचं), तार ०.८ मिमी. गॅसने किंवा पितळेने जोडू देऊ नका, पातळ पत्रा वाकतो. पत्र्यावर पत्रा चढवून जोडणंही नको, मधल्या फटीत पाणी बसतं. कडेला कड लावून, इंच-इंचभर टॅक, एक इथे तर पुढचा लांब, आणि मध्ये पत्रा हाताला सोसेल इतका गार होऊ द्यायचा. पलीकडच्या बाजूला पाण्याची बादली घेऊन एक माणूस बसलेला हवा, नमद्याचे उरलेले तुकडे पेट घेतात.

सिलच्या आत, बंद करण्याआधी, वेल्डमधून जाणारा जस्ताचा प्रायमर. बंद केल्यावर शिवणीला सीलंट, आणि रंग झाल्यानंतर निचऱ्याच्या भोकांतून नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण). जळकं इंजिन ऑइल आत सोडायची पद्धत आहे, ती नको, रबरी बुश फुगतात. आणि गंजावर डांबर कोटिंग तर कधीच नाही. बाहेरून काळं गुळगुळीत दिसतं, आत ओल कोंडून पत्रा आणखी वेगाने जातो.

छप्पर आणि बॉनेटला सँडब्लास्टिंग करू नका, सपाट पत्रा लाट धरतो. ते हाताने घासा. ब्लास्टिंग फक्त पाट्यांच्या हँगरला आणि क्रॉसमेंबरला.

अकोटेकर_६९

नवरात्रीच्या आधी सिल उघडून घेऊ का?

पत्राकाम

नको. बडोद्याच्या दमट हवेत उघडा पत्रा रात्रीतून तांबूस होतो. दसऱ्यानंतर, सकाळी उघडा आणि जेवढं घासलं तेवढ्याला त्याच संध्याकाळी इपॉक्सी मारून घ्या. तोपर्यंत टेललाइट शोधा.