समान काम, कमी पगार : तुमचे अनुभव लिहा

पगाराचा विषय निघाला की आपण गप्प बसतो, आणि बाईच्या पगारातली तफावत या गप्प बसण्यामुळेच वर्षानुवर्षं टिकते. माझ्यानंतर रुजू झालेला, माझ्याच हाताखाली काम शिकलेला सहकारी माझ्यापेक्षा जास्त पगार घेतो, हे मला प्रिंटरवर राहिलेल्या कागदावरून कळलं. अमेरिकेतल्या एका टायर कारखान्यात काम करणाऱ्या लिली लेडबेटर यांनाही आपला पगार पुरुषांपेक्षा कमी आहे, हे निनावी चिठ्ठीतूनच कळलं होतं. त्या कोर्टात गेल्या. २००७ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तक्रारीची मुदत टळून गेली. लपवलेल्या गोष्टीची तक्रार मुदतीत करायची तरी कशी? २००९ मध्ये त्यांच्या नावाने कायदा झाला, बुडालेले पैसे मात्र त्यांना मिळाले नाहीत.

स्त्रियांनी लिहा, पुरुषांनीही लिहा. कंपनीचं नाव नको. कसं कळलं आणि पुढे काय केलंत, ते सांगा.

---

मी भरती विभागात आहे. "आधीचा पगार किती?" हा प्रश्न सगळ्यात घातक. तिला १०० आणि त्याला १२० वर घेतलं, दोघांना दरवर्षी सारखीच १० टक्के वाढ दिली, तरी पाच वर्षांनी ती १६१ वर असते आणि तो १९३ वर. २० चा फरक ३२ झाला, आणि कागदोपत्री कुणी भेदभाव केलेलाच नाही! नोकरी बदलली की तोच आकडा तिच्यासोबत पुढे जातो. आता मी हा प्रश्न विचारतच नाही. पदासाठी किती तरतूद आहे ते मीच आधी सांगते.

---

पुरुष आहे, टीम लीड. वाढ ठरवायच्या बैठकीत काय बोललं जातं ते ऐकलंय म्हणून लिहितो. "त्याच्यावर घर आहे." "हिचा नवरा कमावतोच की." "तो सोडून जाईल, ती कुठे जातेय?" कामाबद्दल एक शब्द नाही. मी दोघांच्या वर्षभराच्या कामाची यादी टेबलावर ठेवली, तेव्हा कुठे विषय कामावर आला.

---

बाळंतपणाच्या रजेवरून परतले तर मूल्यमापनात 'सरासरी' शेरा. रजेआधीचे सगळे महिने मी पूर्ण काम केलं होतं, ते कुणी पाहिलंच नाही. मग बोनस गेला, बढती लांबली, आणि "तुला झेपेल असं" म्हणत छोटं काम दिलं. मला विचारलं कुणी? अर्थशास्त्राचं २०२३ चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी हेच दाखवलंय : श्रीमंत देशांत आज कमाईतला बराचसा फरक एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांत आहे, आणि तो मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पडतो. वाचून रडू आलं. इतकी वर्षं मी स्वतःलाच कमी समजत होते.

---

कारखान्यात आहे. आमच्याकडे एकाच यंत्रावर पुरुष 'ऑपरेटर' आणि बाई 'मदतनीस'. पदाचं नाव वेगळं ठेवलं की पगार वेगळा ठेवता येतो. १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या डॅगनमला फोर्डच्या कारखान्यात मोटारीच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायकांनी यासाठीच संप केला, कारण त्यांचं काम 'अकुशल' धरलं होतं. त्यातून १९७० चा समान वेतन कायदा आला, पण कुशल कामाची श्रेणी मिळायला १९८४ उजाडलं, तेही पुन्हा संप करून. आम्ही सध्या कोण कोणतं काम करतं याची रोजची नोंद ठेवतोय, युनियनपुढे मांडायला.

---

मी तोंडी बोलणं सोडलं आणि मेल लिहिली : माझ्या पदाची वेतनश्रेणी काय, त्यात मी कुठे आहे, वर जायचे निकष कोणते? साहेब म्हणाले, "बसून बोलू." मी म्हटलं, "बोलू की, पण उत्तर लेखी द्या." लेखी देताना त्यांनाही आकडे बघावे लागले. पगार दुरुस्त झाला, मागची थकबाकी दिली नाही. त्यासाठी दुसरी मेल गेली आहे. उत्तर आलं की कळवते.