मदत हवी आहे: अकरावी गणित, चिन्ह नक्की कधी उलटतं? (सोमवारी पेपर)

घोडबंदरची आई: मुलीची सोमवारी युनिट टेस्ट आहे. इनइक्वॅलिटीची (= ऐवजी <, >, ≥ असलेल्या गणितांची) उत्तरं पुस्तकाशी जुळत नाहीत. मायनस दिसलं की चिन्ह फिरवायचं, असं तिच्या डोक्यात बसलंय. नियम काय आहे? लवकर सांगा, रडकुंडीला आलीये पोर.

वाशीकर: गणित तर लिहा आधी. बोर्ड कुठला?

तलावपाळी: क्लास बदला. नौपाड्यात शनिवार-रविवारच्या बॅच असतात.

घोडबंदरची आई: कासारवडवलीहून नौपाड्यात पोचेपर्यंत बॅच सुटेल. क्लास नको, नियम हवाय. सीबीएसई. ५ − ३क्ष ≥ ११. तिचं उत्तर क्ष ≥ −२, पुस्तकात क्ष ≤ −२.

निवृत्त शिक्षक, ऐरोली: ताई, तिने चिन्ह दोनदा फिरवलंय. ५ पलीकडे जाताना −५ झाला तेव्हा एकदा, −३ ने भागताना पुन्हा. पहिलं चूक. दोन्ही बाजूंत काहीही मिळवा, वजा करा, चिन्ह हलत नाही. ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं तरच उलटतं. पाच रुपये असलेला तीनवाल्यापेक्षा वरचढ, पण पाचची उधारी असलेला तीनच्या उधारीवाल्यापेक्षा खाली. म्हणून ५ > ३, पण −५ < −३.

वाशीकर: उलटायची वेळच आणू नका. ३क्ष उजवीकडे न्या, ११ डावीकडे, −६ ≥ ३क्ष, म्हणजे −२ ≥ क्ष. संपलं.

निवृत्त शिक्षक, ऐरोली: आणि मग −२ ≥ क्ष हे उलटं वाचताना मुलं चुकतात. पंचवीस वर्षं पेपर तपासलेत मी.

वाशीकर: माझी दोन्ही मुलं असंच शिकली, एकदाही चुकली नाहीत.

इतिहासप्रेमी: < आणि > ही चिन्हं थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाची. त्याच्या मृत्यूनंतर १६३१ साली छापली गेली.

तलावपाळी: सीईटी देणार असेल तर आत्तापासून वेळ लावून सोडवायला सांगा.

घोडबंदरची आई: सर, उधारी तिला लगेच पटली. आता हे: (क्ष + ३)/(क्ष − २) > २. तिचं क्ष < ७. पुस्तकात २ < क्ष < ७. इथे तर मायनसने भागलंच नाही!

निवृत्त शिक्षक, ऐरोली: (क्ष − २) ने गुणलं ना? तो धन की ऋण, माहीत आहे का तिला? क्ष = ० घालून बघा: −१.५ येतं, ते २ पेक्षा मोठं नाही. क्ष असलेल्या छेदाने गुणायचंच नाही. २ अलीकडे आणा: (७ − क्ष)/(क्ष − २) > ०. वरखाली दोन्ही धन किंवा दोन्ही ऋण हवेत. ते फक्त २ आणि ७ च्या मधे जमतं.

वाशीकर: हे मान्य. इथे माझी युक्ती चालत नाही.

घोडबंदरची आई: ती विचारतेय, ≥ असतं तर २ पण घ्यायचा का?

निवृत्त शिक्षक, ऐरोली: ७ घ्यायचा, २ नाही. २ ला छेद शून्य होतो. प्रश्न छान विचारला तिने.